भिंतीकडे वळवलेली चाकं

दूध वर यायच्या बेतात होतं, नवरा आरशासमोर एका गालाला साबण लावून उभा होता आणि मी त्याच्या डब्याचं झाकण शोधत होते. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारावर लोखंडाने ठोकल्याचा आवाज आला. आमचं दार लोखंडाने वाजवणारं माणूस एकच, माझी नणंद. ती आमच्याच अंगणात राहते. दाराला कडी नसते हे तिला ठाऊक आहे, तरी ठोकल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही. आपण या घरातल्या नाही, हे ती दर वेळी पान्याने ठोकून बजावते.

मी गॅस बंद केला आणि दार उघडलं.

"ताई, आत या ना."

"आत यायला आले नाहीये. तुझा नवरा उठलाय का?"

"दाढी करतायत."

"नीट कर म्हणावं. तोंड दाखवायचंय त्याला."

धुलाईवाल्यांचं जुनं राखाडी जाकीट, कातरलेले पांढरे केस, डावा हात पोटाशी धरलेला, जणू काखेत वर्तमानपत्र अडकवलंय. उजव्या हातात पाना. चेहरा असा की दूध आपोआप नासावं.

"झालं काय पण?"

"हॉर्न मेला, वायपर मेला, दिवे मेले. स्टिअरिंगवरचं एक बटण बोलत नाही. आणि आज दुपारी गाडीची तपासणी आहे."

आतून नवरा आला. एक गाल गुळगुळीत, एक पांढरा.

"सकाळी सकाळी काय आरडाओरडा?"

"माझ्या गाडीत कोण शिरलं होतं, धाकट्या?"

"तुझ्या गाडीत शिरण्यासारखं आहे काय? दोन भांडी आणि एक गादी."

"तीन भांडी. एक बाहेर वाळत होतं. म्हणजे आत जाऊन बघून आलास."

"मी तुझ्या त्या स्टिअरिंगला हात लावलेला नाही."

"जुनं स्टिअरिंग मी टेबलाखाली ठेवलं होतं. काल परत आले तर ते सीटवर."

"उंदराने नेलं असेल."

"उंदीर तुमच्याकडे. माझ्याकडे टिकत नाहीत."

एवढं बोलून ती आमच्या हुकावर टांगलेली तिच्या गाडीची जादा किल्ली काढून घेऊन, मागे न बघता निघून गेली. उंबरा न ओलांडता हात लांबवून किल्ली काढायची कसरत तिने कशी केली, ते मी बघत राहिले. नवऱ्याने दुसरा गाल पुसला, साबणासकट.

ताई माझ्या नवऱ्यापेक्षा मोठी. तिने उभं आयुष्य एका इस्पितळाच्या धुलाईची गाडी चालवली. मळक्या चादरी न्यायच्या, धुतलेल्या आणायच्या. इस्पितळात तिला 'चादर' म्हणत, तेही पाठीमागे, कारण तोंडावर म्हणणाऱ्या एका वॉर्डबॉयला तिने मळक्या गाठोड्यांबरोबर गाडीत कोंडून थेट धुलाईघरापर्यंत नेलं होतं. लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. माझ्या लग्नात तिने माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे. "हा रात्री घोरतो आणि दिवसा उपदेश करतो. कानावर उशी घेतलीस की दोन्ही भागतं." माझ्या सासरच्या माणसांपैकी मला खरं बोलणारं पहिलं माणूस तेच भेटलं, आणि तेव्हापासून मला तिची धास्ती वाटते आणि ती जवळपास लागतेही.

निवृत्त झाल्यावर तिने एक जुनं मोटरहोम घेतलं. चाकांवरचं घर म्हणायचं, पण माझा नवरा त्याला 'ठोकळा' म्हणतो. आत एक पलंग, त्याखाली पेट्या, एका शेगडीचा ओटा, हुकांवर कप, आणि खिडक्यांना इस्पितळाच्या बाद चादरींचे पडदे. वर्षातले बरेच महिने ती या ठोकळ्यातून फिरते, समुद्राकडे, डोंगराकडे, कुठे वाटेल तिथे. परत आली की आमच्या अंगणात भिंतीला लागून उभी राहते. आमच्या घरातून तिच्या गाडीत विजेची एक वायर जाते, आणि त्या वायरीवरून बहीणभावांत जेवढं वाजतं तेवढ्यात एक छोटं गाव उजळेल.

खरी अडचण तिच्या हाताची. चादरींची ढकलगाडी ओढता ओढता तिचा डावा खांदा कामातून गेला. मूठ वळते, स्टिअरिंग धरता येतं, पण हात छातीच्या वर जात नाही आणि पुढेही पोचत नाही. तिच्या ठोकळ्यात वायपर, दिवे, काचेवरची वाफ घालवायचा पंखा, सगळ्यांची बटणं लांब डॅशबोर्डवर, तिच्या डाव्या बाजूला. गेल्या वर्षीच्या तपासणीत तपासनीस तिच्या शेजारी बसला आणि लख्ख उन्हात म्हणाला, वायपर लावा. ताईने स्टिअरिंग सोडलं, उजवा हात आडवा टाकून बटण दाबलं, तेवढ्यात गाडी कडेच्या झुडपात नाक घालून आली. त्याने सांगितलं, पुढच्या खेपेला सगळी बटणं स्टिअरिंग न सोडता हाताखाली आली पाहिजेत, नाहीतर ही गाडी रस्त्यावर येणार नाही.

माझ्या नवऱ्याने आठवड्याभरात मागची खोली रंगवून घेतली. कुणासाठी ते बोलला नाही. रंगाचा वास जाईपर्यंत ताईने आमच्याशी बोलणं टाकलं. वास गेल्यावर तिने अंगणात उभं राहून, शेजारच्यांनाही ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, "जमलं नाही तर ठोकळा भंगारात आणि मी तुझ्या त्या खोलीत. जमलं तर या विषयावर तू पुन्हा तोंड उघडायचं नाहीस."

"ठरलं," नवरा म्हणाला.

ठरलं म्हणताना त्याचा आवाज असा होता, जणू भंगारवाल्याला फाटकाबाहेर उभंच करून ठेवलंय. मला मात्र माहीत होतं, की ताई दौऱ्यावर असली आणि तिचा फोन आला नाही तर हाच माणूस जेवताना ताट तसंच ठेवून खिडकीत जाऊन उभा राहतो. पण ते त्याने तिला कधी सांगितलं नाही. त्याऐवजी विजेच्या वायरीबद्दल बोलतो.

मग ताईने त्याच कंपनीच्या नव्या गाडीचं एक स्टिअरिंग भंगारातून शोधून आणलं. दोन्ही अंगठ्यांखाली बटणं असलेलं. कोपऱ्यावरच्या वायरिंगवाल्याला गाठलं. हा माणूस बोलतो जास्त आणि काम करतो तेही बोलत बोलत.

"मावशी, म्हाताऱ्या बाईला नवीन दात बसवायला निघालाय तुम्ही."

"मी तुझी मावशी नाही. आणि दात तुझे मोजले जातील, काम बिघडलं तर."

त्याने काय काय केलं ते मी अंगणातून बघितलं. नव्या स्टिअरिंगमधली एअरबॅग, म्हणजे अपघातात फुगणारी पिशवी, काढून बाजूला ठेवली, कारण जुन्या गाडीला ती नकोच. बटणांचा निरोप समजणारी एक छोटी डबी डॅशबोर्डच्या आत बसवली. आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर एक चपटी गोल वस्तू बसवली. तिच्या पोटात घड्याळातल्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, आत तारा असलेली पट्टी असते. स्टिअरिंग गोल फिरतं, तारा तर फिरून तुटतील, म्हणून ही पट्टी एका बाजूला उलगडते, दुसऱ्या बाजूला गुंडाळते. गाडीची चाकं अगदी सरळ ठेवून, पट्टी बरोबर मध्यावर आणून त्याने तिच्यावर चिकटपट्टी लावली. "आता चाकं हलवायची नाहीत. उद्या येऊन स्टिअरिंग चढवतो," असं तो म्हणाला आणि चिखलाच्या बुटांनी ताईच्या धुतलेल्या पायपोसावरून उतरला. त्यावरून दोघांची अशी जुंपली की तो दुसऱ्या दिवशी फिरकलाच नाही.

काल सकाळी ताई स्टिअरिंगच्या मापाचा नट आणायला भंगारवाल्याकडे गेली. परत आली, वायरिंगवाला नाही, मग तिने चिकटपट्टी काढून स्टिअरिंग स्वतःच चढवलं. सरळ, डोळ्याने जोखून. बटणं चालली. काल दुपारभर तिने हॉर्न वाजवला. शेजारच्या काकू विचारायला आल्या, कुणाचं लग्न आहे का. ताई हसली होती. तिला हसताना मी इतक्या वर्षांत फार थोड्या वेळा पाहिलंय, आणि नवऱ्याने खिडकी लावून घेतली होती.

आणि आज सकाळी फाटकातून बाहेर पडताना, उजवीकडे पूर्ण वळण घेतलं आणि सगळं मुकं.

नवरा ऑफिसला निघालाच नाही. कपडे घालून अंगणात उभा राहिला, पहारा दिल्यासारखा. मी वायरिंगवाल्याला फोन केला. तो आला, आज पायातले बूट बाहेर काढून. ताईने ठोकळा फाटकातून मागे घेऊन पुन्हा भिंतीशी लावला होता. वायरिंगवाल्याने स्टिअरिंग उतरवलं, ती चपटी गोल वस्तू काढली आणि आमच्यासमोर धरली. पट्टी मधोमध तुटली होती.

"मावशी, मी नाही हं. चढवलंत तुम्ही."

"सरळ चढवलं."

"स्टिअरिंग सरळ. चाकं कशी होती?"

"कशी म्हणजे?"

"कुठल्या दिशेला?"

"भिंतीकडे," ताई म्हणाली, जणू दुसरी कुठली दिशा जगात नसते.

वायरिंगवाल्याने कपाळाला हात लावला. "मी सरळ ठेवून गेलो होतो. कुणीतरी चाकं भिंतीकडे वळवली, एक अख्खा फेरा. पट्टी मध्यावर, चाकं मात्र डावीकडे. फेरा पूर्ण, म्हणून रस्त्यावर स्टिअरिंग सरळच दिसणार, कळणार नाही काही. उजवीकडे पुरं वळवलं की पट्टीला एक फेरा जास्त. तुटेल नाही तर काय करेल?"

"मी वळवली नाहीत," ताई म्हणाली, आणि आम्ही सगळे भावाकडे बघायला लागलो.

"माझ्याकडे काय बघताय? मी स्टिअरिंगला हात लावला नाही, शंभरदा सांगितलं."

तो हे बोलत होता तेव्हा मी त्याच्या मागे उभ्या असलेल्या त्याच्या स्वतःच्या गाडीकडे बघत होते. अंगणाला जरासा उतार आहे. त्याच्या गाडीची पुढची चाकं भिंतीकडे वळलेली होती. ती नेहमीच वळलेली असतात. आमच्या लग्नानंतर तो मला पहिल्यांदा फिरायला घेऊन गेला, तिथे सपाट मैदान होतं, एकच झाड होतं, तर त्याने चाकं झाडाकडे वळवली होती.

मग मला काल सकाळचं आठवलं. न्याहारी झाल्यावर तो अंगणात गेला होता आणि परत आला तेव्हा बाहीने कपाळ पुसत होता. हुकावर किल्ली अडकवत होता. मला वाटलं, गेला असेल ती विजेची वायर तपासायला.

"अहो," मी म्हटलं, "काल ताई बाहेर गेल्या तेव्हा तुम्ही ठोकळ्याची चाकं वळवलीत का?"

"वळवली की." तो माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याला दात घासले का असं विचारलं होतं. "उतारावर एवढी जड गाडी सरळ चाकांनी उभी होती. जुनं स्टिअरिंग दांड्यावर अडकवलं, वळवली, काढून ठेवलं. घाम निघाला. नव्याला बोटसुद्धा लावलं नाही."

वायरिंगवाल्याने तुटलेली पट्टी ठोकळ्याच्या पायरीवर ठेवली.

या दोघांचे वडील, म्हणजे अण्णा, दगडाच्या खाणीवर ट्रक चालवायचे. घर उतारावर. गाडी थांबवायची, चाकं भिंतीकडे वळवायची, मग उतरायचं. ब्रेक सुटला तर गाडी भिंतीला टेकेल, खाली जाणार नाही. अक्षरओळखीच्या आधी या पोरांना हे शिकवलं गेलं, आणि संध्याकाळी चाकं वळवायचं काम पोरांना आळीपाळीने दिलं गेलं. एका संध्याकाळी ट्रक सरळ राहिला, ब्रेक सुटला, आणि शेजाऱ्याची पडवी घेऊन ट्रक खाली गेला. माणसं वाचली. अण्णांचा ट्रक गेला आणि ते उरलेलं आयुष्य दुसऱ्याच्या हाताखाली खडी फोडत बसले. मार बसला तो ताईला, मोठी म्हणून. त्या दिवशी पाळी कुणाची होती, यावर या दोघांचं अजून एकमत नाही.

म्हणून हा सरळ चाकं बघू शकत नाही. आणि म्हणूनच ताई वळलेली चाकं बघूनही बघत नाही. वायरिंगवाल्याने मोठ्याने सांगितलेलं ताईने स्वतः ऐकलं होतं, चाकं हलवायची नाहीत. पण परत आल्यावर चाकं भिंतीकडे दिसली तेव्हा तिच्या डोळ्यांना सगळं जिथल्या तिथे वाटलं.

मला वाटलं, आता ती पाना फेकेल. ती भावाकडे बघत राहिली.

"बरोबर केलंस, असं समजतोस तू."

"अण्णांनी बघितलं असतं तर..."

"अण्णांना मध्ये आणू नकोस. अण्णा असते तर तुला आधी विचारलं असतं, पाळी कुणाची होती."

"तुझी होती."

"तुझी होती. तू पतंग उडवत होतास."

"मी पतंग उडवतच नव्हतो, मला पतंग कधी घेऊन दिला होता का कुणी?"

"अहो, तपासणी दुपारी आहे," मी म्हटलं.

नवऱ्याने घसा साफ केला. "तर मग ठरलेलं आहे. जमलं नाही. खोली तयार आहे." वाक्य पुरं करेपर्यंत त्याचा स्वतःचाच चेहरा उतरला होता, पण मागे घ्यायची सवय या घराण्यात नाही.

"मोडलंस तू," ताई म्हणाली, "आणि खोलीत मी?"

वायरिंगवाला खाकरला. "भंगारवाल्याकडे त्याच मापाची आणखी एक पडलीय. मी बघितली होती. कुणी आणली तर तासाभरात बसवतो."

"जा," ताई भावाला म्हणाली.

"मी?"

"काल मी पायी गेले होते. आज मोडणारा जाईल."

"ऑफिस आहे मला."

मी आत गेले, त्याचा डबा आणला आणि त्याच्या गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवला. "वाटेत खा. आणि ती वस्तू हातात धरून आणा, डिकीत टाकू नका," एवढंच म्हटलं. तो गाडीत बसला. चाकं भिंतीपासून सोडवताना जमिनीवर करकर वाजली, आणि ताई त्या आवाजाकडे तोंड करून उभी होती.

तो घामाघूम होऊन परतला. इस्त्रीच्या शर्टावर ग्रीस, आणि ती गोल वस्तू मांडीवर रुमालात बांधलेली. भंगारवाल्याने म्हणे त्याला ढिगावर चढवलं. "कपडे बघ तुझे," ताई म्हणाली. "धुलाईवाल्याकडे टाक. मी ओळखीची आहे." हे तिचं आभार मानणं.

या वेळी बसवताना वायरिंगवाल्याने ताईला ठोकळ्याच्या पुढे उभं केलं आणि नवऱ्याला मागे. "दोघांनी सांगायचं, चाकं सरळ आहेत का. दोघांचं जमलं तरच मी नट आवळणार." पहिल्यांदा ताई म्हणाली सरळ, नवरा म्हणाला नाही. दुसऱ्यांदा नवरा म्हणाला सरळ, ताई म्हणाली, तुला काय कळतंय. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घेतली. बऱ्याच वेळाने अंगणातून हॉर्न वाजला, लांबलचक, आणि शेजारच्या काकूंनी पुन्हा खिडकी उघडली.

दुपारी ताई तपासणीला गेली. नवरा ऑफिसला गेला नव्हता. खिडकीत उभा होता, विजेची वायर बघतोय असं दाखवत. "तपासनीस वायपर लावायला सांगेल," तो एकदा म्हणाला. "सांगू दे," मी म्हटलं. "अंगठ्याखाली आहे आता." मागच्या खोलीची किल्ली त्याच्या खिशात वाजत होती. मी ती मागितली आणि मसाल्याच्या डब्यांमागे ठेवून दिली.

संध्याकाळी ठोकळा फाटकातून आत आला, दिवे लावून, वायपर चालू. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. ताईने गाडी भिंतीला लावली, इंजिन बंद करायच्या आधी स्टिअरिंग पूर्ण वळवलं, आणि चाकं भिंतीकडे गेली. वायपर चालूच राहिले, पट्टी तुटली नाही. मी आणि नवरा, दोघांनीही ते पाहिलं.

थोड्या वेळाने दारावर लोखंड वाजलं. मी दार उघडलं. ताईने हात लांबवून जादा किल्ली पुन्हा त्याच हुकाला अडकवली.

"पास," ती माझ्याकडे बघून म्हणाली. मग माझ्या खांद्यावरून आत, भावाकडे.

"धाकट्या."

"काय आहे आता?"

"मी नसताना माझ्या गाडीची चाकं वळवू नकोस. मी आले की मीच वळवीन."